इमामभाईचा पाय आणि आबासाहेबांचं पायडल

मोटार बिघडलेला माणूस मिस्त्रीला बिघाड कधी सांगत नाही, औषध सांगतो. डॉक्टरकडं गेलेला रोगी ‘पोटात दुखतंय’ म्हणतो आणि गप्प पडून राहतो. मोटारवाला मात्र ‘कार्बोरेटर काढा’ असं म्हणतच गॅरेजात पाऊल टाकतो. ‘कार्बोरेटर म्हणजे काय हो?’ असं त्याला विचारावं आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसावं. या धंद्यात मला बाकी काही मिळालं नसतं तरी एवढ्या करमणुकीवर मी तो आनंदानं केला असता.

मुरुम गावचे एक आडत व्यापारी होते. त्यांची गाडी चढावर रडायची. ‘इंजनात दम न्हाय राह्यला, उतरवा’ म्हणाले. मी आधी डिकी उघडली, तर आत तुरीची पोती. ‘ही कधीपासून?’ म्हटलं, तर म्हणाले, ‘कायमच असत्यात. मागं वजन असलं की गाडी जमीन धरून ऱ्हाती.’ पोती उतरवली, गाडी चढ चढली. पण शेठजी नाराज होऊन गेले. इंजिन न उतरवता गाडी बरी होते म्हणजे मिस्त्री कच्चा, असं त्यांचं मत पडलं.

माझी ओळख सांगायची तर आम्ही तुळजापूरचे उपाध्ये. घरात पिढ्यान्‌पिढ्या देवीच्या यात्रेकरूंचं पौरोहित्य. मला मंत्रांपेक्षा मोटारींचे हॉर्न जास्त पाठ व्हायचे, म्हणून मी सोलापूरला पळालो, एका गॅरेजात काम शिकलो आणि धाराशिवात तुळजापूरच्या रस्त्यावर लिंबाखाली पत्र्याची शेड टाकली. (कागदावर तेव्हा उस्मानाबाद, पण बाजारात आलेला शेतकरी धाराशिवलाच यायचा.) वडील म्हणाले, ‘आपल्या घराण्याच्या लोक पाया पडतात, आणि तू लोकांच्या पायांखाली जाऊन पडतोस.’ गिऱ्हाइकांनी माझं नाव ‘भटमिस्त्री’ ठेवलं. त्यात ‘भट’ टिंगलीचा होता आणि ‘मिस्त्री’ संशयाचा.

आता आबासाहेबांकडं येतो. ते बेंबळीकडच्या एका गावचे देशमुख. निजामी होती तोवर त्यांच्या अंगावर शेरवानी आणि बोलण्यात ‘हुजूर’ असायचं. पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि आठवड्याच्या आत शेरवानीची खादी झाली. आपण मनानं पहिल्यापासून खादीतच होतो, असं ते सांगायचे. मन कुणाला दिसत नाही हे खादीवाल्यांचं मोठं नशीब.

त्या दिवसांत हैदराबादेकडचे जहागीरदार आपली चीजवस्तू फुंकून टाकत होते. त्यातलीच एक विलायती मोटार आबासाहेबांनी घेतली. गाडी महायुद्धाच्या आधीची, पण अंगापिंडानं भक्कम. गाडीबरोबर जॅक आला, स्टेपनी आली आणि इमामभाई आले. जहागीरदार निघून गेले होते, इमामभाईंना जायला जागा नव्हती. गाडीची नस त्यांना ठाऊक, म्हणून आबासाहेबांनी ठेवून घेतलं. आबासाहेबांच्या हिशेबी ते गाडीच्या सामानातच मोडत.

इमामभाई पन्नाशीचे. उंच, किडकिडीत, दाढी राखलेली. गाडी अशी चालवायचे की मागच्या सीटवर चहाची कपबशी ठेवावी. त्या सीटवर बहुतेक वेळा आबासाहेबांच्या आई असत. त्यांना सगळं गाव आईसाहेब म्हणायचं. दर पौर्णिमेला त्या तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जात, आणि इमामभाई त्यांना जपून नेऊन जपून आणत.

एका वर्षी दसरा झाल्यावर आबासाहेब गाडी घेऊन माझ्या शेडसमोर उभे राहिले.

‘मिस्त्री, कार्बोरेटर काढ.’

‘काय होतंय?’

‘पायडल घट्ट झालंय. पिट्रोलात भेसळ करत्यात हे लोक. कार्बोरेटरात कचरा गेलाय.’

ज्यांनी बोनेटच्या आत कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेसचं पायडल म्हणजे काही जादू नाही. जुन्या गाडीत ती एक लोखंडी पट्टी असते, खाली गाडीच्या तळाला बिजागरीनं बसवलेली, पेटीच्या झाकणासारखी. पट्टीच्या मागून एक सळई निघते, ती इंजिनाकडं जाते आणि कार्बोरेटरातली एक लहानशी चकती फिरवते. चकती उघडली की इंजिनाला जास्त खायला मिळतं आणि गाडी पळते. पाय उचलला की एक स्प्रिंग सगळं ओढून जागेवर आणते. बस. पायडल घट्ट झालं तर दोष बिजागरीत असेल, सळईत असेल, स्प्रिंगमध्ये असेल, नाहीतर चकतीत. मधली सळई सोडवायची आणि पायडल दाबून बघायचं. हलकं झालं तर दोष वर, तसंच घट्ट राहिलं तर खाली. पोरालाही समजावं इतकं सोपं काम आहे, पण मालक उशाशी उभा नसेल तर.

आबासाहेब उशाशी उभे होते. ‘आधी कार्बोरेटर’ म्हणाले. मी कार्बोरेटर उतरवला, धुतला, बसवला. कचरा चिमूटभरही निघाला नाही, पण तसं बोलण्याची सोय नव्हती. रिवाज म्हणून सगळ्या सांध्यांवर तेल सोडलं, त्यात बिजागरीवरही दोन थेंब पडले. पायडल हलकं झालं. आबासाहेब म्हणाले, ‘बघितलंस? भेसळ!’

मधे एक मंगळवार गेला आणि गाडी परत दारात.

या वेळी गावचा सगळा पार आबासाहेबांबरोबर आल्यासारखा वाटत होता, कारण पारावरचं प्रत्येक मत त्यांनी गाडीत भरून आणलं होतं. कुणी म्हणालं होतं, लोखंड म्हातारं झालं. कुणी म्हणालं, गाडी निजामाच्या राज्यातली आहे, तिला खादीवाला सोसत नाही. (हे मत आबासाहेबांनी हळू आवाजात सांगितलं.) पण सगळ्यांत जास्त हात एका मतावर वर झाले होते. पायडलाला काही झालेलं नाही, इमामभाईचा पाय गेला.

आणि खरंच, इमामभाई लंगडत होते. गाडीतून उतरले की आधी दाराला धरायचे, गुडघा चोळायचे, मग पाऊल टाकायचे. पारावर कुणाला हे कळलं नव्हतं की दिवसभर घट्ट पायडल दाबलं तर पाय दुखतो. पाय दुखतो म्हणून पायडल घट्ट लागतं, एवढंच त्यांना कळलं होतं.

‘स्प्रिंग लई कडक हाय,’ आबासाहेब म्हणाले. ‘म्हाताऱ्याच्या पायाला झेपत न्हाय. सैल बसव.’

‘नाही बसवायचो,’ मी म्हटलं. ‘स्प्रिंगच पायडल परत आणते. ती सैल केली आणि पायडल खालीच अडकलं तर गाडी थांबायचं नाव घेणार नाही. मला सळई सोडवून बघू द्या.’

‘तू पोथ्याच वाचायला पायजे व्हत्या,’ असं म्हणून आबासाहेब निघून गेले. गावी त्यांचा एक सायकल दुकानवाला होता, हो म्हणण्यात तरबेज. त्यानं मूळ स्प्रिंग काढून सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग लावून दिली.

पुढं जे घडलं ते बघायला मी हजर नव्हतो. धंद्यातल्या साऱ्या आयुष्याची ही एक मोठी हळहळ आहे. पण अर्धं तुळजापूर हजर होतं आणि अर्ध्या तुळजापुराशी माझं नातं आहे, त्यामुळं तपशिलाची वाण नाही.

निवडणुका जवळ आल्या होत्या. तिकिटाच्या आधी देवीचा आशीर्वाद घ्यावा, आणि तो घेताना लोकांनी बघावं, म्हणून आबासाहेब परीटघडीचे कपडे घालून तुळजापूरला निघाले. देवळाच्या रस्त्याला हळदीकुंकवाची दुकानं असतात. परातींत कुंकवाचे आणि हळदीचे हे एवढाले ढीग, टोकदार, देखणे. आबासाहेबांनी काच खाली केली आणि हात जोडून दोन्ही बाजूंच्या जनतेला नमस्कार करायला सुरुवात केली. गर्दी होती, गाडी गोगलगाईसारखी चालली होती. मधे थोडा चढ आला, इमामभाईंनी पायडल दाबलं आणि पाय उचलला. पायडल खालीच राहिलं.

इमामभाईंनी ब्रेक दाबला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, पायडलाच्या खाली बोटं घालून ते उपसलं. माणसाला धक्का लागू दिला नाही. पण एका दुकानाच्या फळीला गाडीचं नाक टेकलंच. फळी कलली, पराती उलटल्या, आणि ज्या खिडकीतून आबासाहेब नमस्कार करत होते त्याच खिडकीतून कुंकू आणि हळद आत गेली.

आबासाहेब गाडीतून उतरले ते कमरेच्या वर लाल आणि कमरेच्या खाली पिवळे. एका भाबड्या यात्रेकरू बाईनं त्यांना वाकून नमस्कार केला म्हणतात. मी त्या बाईला शोधतो आहे, अजून सापडली नाही.

दुकानदाराची भरपाई झाली, कपडे धोब्याकडं गेले, पण तालुक्यात हसं झालं ते धुऊन निघेना. हसं झालं की मोठ्या माणसाला एक लहान माणूस लागतो, ज्याच्या डोक्यावर ते ठेवता येईल. स्प्रिंग कुणी सैल केली हे आबासाहेब सोयीनं विसरले. सायकलवालाही विसरला.

त्यानंतरच्या पौर्णिमेला गाडी माझ्याकडं आली. आबासाहेब उतरले आणि इमामभाईंच्या तोंडावरच मला म्हणाले, ‘मिस्त्री, आज निकाल पायजे. पायडल खराब असंल तर नीट कर. पायडल चांगलं असंल तर ह्याचा पाय खराब. मग हा आजपासून घरी. मी कचेरीत जाऊन येतो.’

‘घरी’ असं ते म्हणाले खरे, पण इमामभाईंना घर नव्हतं. गाडीच्या शेडमागची एक खोली, तीही गाडीमुळं. आईसाहेब त्या दिवशी दर्शनाला निघाल्या होत्या, त्या जवळच नात्यातल्या घरी टेकायला गेल्या. मी आणि इमामभाई दोघंच उरलो.

पहिल्यांदा मला शांतपणे काम करता आलं. मी सळई सोडवली आणि पायडल दाबलं. तसंच घट्ट. म्हणजे दोष खाली, बिजागरीत. गाडीत सतरंजीचा तुकडा अंथरलेला होता. तो उचलला तर खालून मुंग्यांची रांग चाललेली. लाल मुंग्या, भरल्या पोटाच्या, अगदी सुखात. मी मान स्टेअरिंगखाली घातली. काळपट, चिकट, दगडासारखं वाळलेलं काहीतरी बिजागरीत ठासून भरलेलं. ते ग्रीस नव्हतं. पान्याच्या टोकानं खरवडून मी नाकाशी नेलं.

सोलापूरच्या गॅरेजात मी पेट्रोल, डिझेल, जळलेलं तेल, जळलेलं रबर, सगळे वास शिकलो. हा वास मी तिथं शिकलो नव्हतो. हा माझ्या जन्मापासूनचा, आमच्या माजघरातला. आंबलेलं दही, तूप, मध. त्यात कुंकवात माखलेले अक्षतांचे दाणे.

‘इमामभाई,’ मी खालूनच म्हणालो, ‘पायडलात पंचामृत कसं आलं?’

इमामभाई उकिडवे बसले आणि त्यांनी आधी रस्त्याकडं बघून घेतलं.

‘मिस्त्री, जे दिसलं ते पुसून टाका. ग्रीस भरा. और किसकू बोलू नक्को.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘हौ.’

मग त्यांनी सांगितलं ते असं. दसऱ्याला आईसाहेबांनी गाडीची पूजा केली. बोनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. पायडलापाशी आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘गाडी म्हंजे लक्ष्मी, आन ह्येच्यावर रोज पाय पडतो. ह्येची माफी मागाया पायजे.’ आणि त्यांनी पायडलाला पंचामृताचं स्नान घातलं. चार दिवसांत साखर, मध आणि धूळ यांनी बिजागरी धरली. पायडल जड झालं, इमामभाईंचा गुडघा दुखायला लागला. आईसाहेबांनी त्यांना लंगडताना बघितलं.

‘मग त्या नवस बोलल्या,’ इमामभाई म्हणाले. ‘इमामचा पाय बरा होऊंदे, दर मंगळवारी पायडलाला पंचामृत घालीन म्हणून. घालत्यात. सकाळी सकाळी वाटी घेऊन शेडात येत्यात. आता बघा मिस्त्री. पायडल घट्ट म्हणून पाय दुखतो. पाय दुखतो म्हणून त्या घालत्यात. त्या घालत्यात म्हणून पायडल घट्ट.’

मला इतकं हसू आलं की डोकं स्टेअरिंगवर आपटलं. इमामभाई हसले नाहीत.

‘हसा, हसा. हसायचीच बात हाय.’

‘अहो, मग सांगा ना त्यांना! आज नोकरी चाललीय तुमची.’

‘काय सांगू? मेरे पैर के वास्ते अम्मी के बाद कोई दुआ नहीं मांगा. त्या माउलीला म्हणू, तुमची दुआच अडकली मशिनीत?’ त्यांनी पुन्हा रस्त्याकडं बघितलं. ‘आन दुसरं. गावात काय म्हणतील? इमाम बोलतो, देवीच्या पूजेनं गाडी बिघडली. आजकल के दिनां में?’

पोलीस अ‍ॅक्शनला फार वर्षं झालेली नव्हती. त्या वाक्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको होता. मला राग आला. तो आबासाहेबांचा आला, पाराचा आला आणि माझाही आला, कारण मी हसलो होतो.

मी बिजागरीची खीळ काढली. रॉकेलात ब्रश बुडवून सगळं घासलं, नवं ग्रीस भरलं, सायकलची स्प्रिंग फेकून मापाची बसवली. सळई जोडून बोटानं दाबून बघितलं तर पायडल लोण्यासारखं खाली गेलं आणि बोट उचलताच टुणकन वर आलं. एरवी इथं मिस्त्रीचं काम संपतं. पण पुढच्या मंगळवारी वाटी येणार होती. पुन्हा पायडल घट्ट होणार आणि ‘मिस्त्रीनं नीट केलं होतं, म्हणजे पायच खराब’ असा निकाल लागणार. पायडल दुरुस्त करून मी इमामभाईंची नोकरी आणखी पक्की घालवली होती.

तेवढ्यात आबासाहेब आले, मागोमाग काठी टेकत आईसाहेब आल्या.

‘बोल भटमिस्त्री. पायडल का पाय?’

मी सरळ खोटं बोलायला सुरुवात केली. ‘आपल्या भागातली काळी माती फार चिवट. ती बिजागरीत जाऊन बसते. वरचेवर पुसत राहायला हवं आणि वरून पाण्यापावसाचा, दुधातुपाचा, म्हणजे कसलाही थेंब…’

‘मिस्त्री, हात दावा,’ आईसाहेब म्हणाल्या.

मी हात पुढं केला. कोपरापर्यंत काळा हात, आणि अंगठ्याजवळ ग्रीसमध्ये चिकटून बसलेला एक लाल तांदूळ. आईसाहेब त्या दाण्याकडं बघत राहिल्या. मग गाडीच्या दारापाशी गेल्या, वाकल्या आणि हातानं पायडल दाबून बघितलं. पुन्हा दाबलं. चकचकीत झालेल्या बिजागरीवरून त्यांनी बोट फिरवलं.

‘आबा, तू जरा तिकडं लिंबाखाली जा.’

‘का? मी मालक हाय गाडीचा.’

‘जा म्हनते न्हवं.’

तालुक्याचे भावी पुढारी गुमान लिंबाखाली जाऊन उभे राहिले.

‘इमाम, तुला ठावं व्हतं?’

‘हौ, आईसाहेब.’

‘आन गप ऱ्हायलास? नोकरी जायाची पाळी आली तरी?’

इमामभाई आपल्या चपलांकडं बघत म्हणाले, ‘तुमचा नवस व्हता.’

आईसाहेब गाडीच्या पायरीवर बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या की हसत होत्या हे मला आजही सांगता येणार नाही, दोन्हीला खांदे सारखेच हलतात. थोड्या वेळानं पदर खाली आला तेव्हा आवाज मात्र देशमुखिणीचा होता.

‘पाय बरा होईपातुर मंगळवार सोडनार न्हाय म्हनून देवीला शब्द दिलाय. तो तर फिरवता येत न्हाय. तुम्ही उपाध्यांचे न्हवं? मग सांगा, पायडलाला न्हाय घालायचं तर कुठं घालू?’

माझ्या आजोबा-पणजोबांनी अशा प्रश्नांवर पोथ्या उघडून बसावं, कुळाचार विचारावा, दक्षिणा ठरवावी. माझ्या हातात पाना होता.

‘ज्याच्या पायासाठी बोललात त्याला प्यायला द्या,’ मी म्हणालो. ‘पायडलाला घातलं की पायडलाला लागतं. माणसाला घाला, माणसाला लागेल.’

आईसाहेबांनी क्षणभर विचार केला. त्या काळी, त्या घरात, ती काही लहान गोष्ट नव्हती. पण त्यांनी शास्त्र विचारलं नाही की लोक काय म्हणतील हे विचारलं नाही. विचारलं ते इमामभाईंना.

‘चालंल का रं तुला?’

‘दूध हाय, दही हाय, शहद हाय,’ इमामभाई म्हणाले. ‘ना कायकू बोलू?’

आबासाहेबांना लिंबाखालून परत बोलावण्यात आलं. आईसाहेब म्हणाल्या, ‘ह्याचा पाय चांगला हाय आन पायडल बी चांगलं हाय. बिघाड माझ्या हातचा व्हता. आता तुझं काय म्हननं हाय?’

आबासाहेबांनी एकदा आईकडं बघितलं, एकदा पायडलाकडं, आणि टोपी सारखी करून म्हणाले, ‘मी पहिल्यापासून म्हणत होतो, कार्बोरेटरात काही दोष नाही.’

इमामभाईंची चूक नव्हती, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघेल म्हणून मी थोडा वेळ उभा राहिलो. निघालं नाही. ते मागच्या सीटवर आईशेजारी बसले आणि ‘चल, उशीर होतोय’ म्हणाले. इमामभाईंनी पायडल दाबलं. बऱ्याच दिवसांच्या सवयीनं त्यांनी जोर जरा जास्त लावला, त्यामुळं गाडी अशी सुटली की आबासाहेबांची टोपी मागच्या काचेवर जाऊन बसली.

त्यानंतर दर मंगळवारी सकाळी आईसाहेब गाडीच्या शेडाच्या दारात उभ्या राहायच्या आणि इमामभाई ओंजळ पुढं करायचे. पिऊन झालं की ओला हात आधी दाढीवरून फिरवायचे आणि मग गुडघ्यावरून. गुडघा महिनाभरात बरा झाला. देवीनं केला, मधानं केला की ग्रीसनं, यावर गावात वाद आहेत. पाय बरा झाला तरी आईसाहेबांनी मंगळवार बंद केला नाही, आणि इमामभाईंनीही आठवण करून दिली नाही.

ही हकिगत तुळजापूरला पोचली तेव्हा वडिलांनी मला बोलावून घेतलं. ‘पंचामृताचा निर्णय दिलास म्हणे. शास्त्राधार कोणता?’

‘पायडल अजून मोकळं आहे,’ मी म्हणालो.

वडिलांनी पुढ्यातली पोथी मिटली. मग म्हणाले, ‘जेवून जा.’ गॅरेज टाकल्यापासून त्यांनी मला जेवायला थांबवलं ते तेव्हा पहिल्यांदा.

पण आबासाहेबांची खरी करामत पुढं आहे. त्यांना तिकीट मिळालं. बेंबळीच्या बाजारात सभा होती. कर्ण्याची बॅटरी सांभाळायला मी स्टेजच्या कडेला बसलो होतो. गाडी स्टेजला लागूनच उभी, पुढं इमामभाई, मागं पडद्याआड आईसाहेब. आबासाहेब उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, ‘बंधुभाव आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. माझ्या घरी माझी आई स्वतःच्या हातानं आमच्या इमामला तीर्थ देते. भेदभाव आमच्या घराला माहीत नाही. लोक म्हणाले, हा म्हातारा झाला, काढून टाका. मी म्हणालो, प्राण गेला तरी काढणार नाही!’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इमामभाईंकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, आणि मग त्या जुन्या इंजिनानं असा काही आवाज काढला की कर्णा, भाषण, बंधुभाव सगळं त्यात बुडालं. आबासाहेबांचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच. टाळ्या बंद पडल्या. माणसं वळून गाडीकडं बघायला लागली.

आवाज उतरला तसे आबासाहेब ओरडले, ‘इमाम! काय चाललंय?’

इमामभाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि अदबीनं म्हणाले, ‘कुछ नहीं साब. पायडल बघतो, मोकळं हाय का.’

पहिल्या ओळीतले लोक फिस्सकन हसले. आबासाहेबांनी पाणी घेतलं आणि पुन्हा बंधुभावावर आले. तेवढ्यात पडद्याआडून आईसाहेबांचा आवाज आला. माझ्यापर्यंत स्पष्ट आला.

‘नीट बघ रं इमाम. आनखी जरा दाब.’

इमामभाईंनी आपला बरा झालेला पाय पायडलावर ठेवला आणि पार तळाला टेकेपर्यंत दाबला.